आतली तालीम: ताई ची, चीगोंग आणि निश्चल बैठक

चिनी युद्धकलांची दोन कुळे सांगितली जातात. एक 'वायजिया' म्हणजे बाहेरचे घराणे, दुसरे 'नेइजिया' म्हणजे आतले घराणे. बाहेरच्या घराण्यात स्नायूंची ताकद, वेग आणि अंग कणखर करण्यावर भर असतो. आतल्या घराण्यात शरीराची ठेवण, सैलपणा, श्वास आणि मनाचा रोख यांना पहिले स्थान मिळते. ताई ची च्वान, शिंग यी च्वान आणि बाग्वा चांग ही आतल्या घराण्याची तीन मुख्य अंगे. तिन्हींना खालून ओल पुरवणारा झरा म्हणजे श्वास व हालचालींची साधना, जिला आज चीगोंग म्हणतात, आणि तिच्या जोडीचे ध्यान.

नाव कसे पडले

'आतले घराणे' हा शब्द लेखी स्वरूपात ठळकपणे प्रथम दिसतो तो 1669 मध्ये. ह्वांग चोंगशी या विद्वानाने वांग चंगनान नावाच्या लढवय्याचा मृत्युलेख लिहिला. शाओलिन मठाची विद्या प्रतिपक्षावर चालून जाते, तर दुसरी एक विद्या हालचालीला निश्चलतेने आवरते, अशी तुलना त्यात आहे. या दुसऱ्या विद्येचे जनकत्व त्याने वूदांग पर्वतावरच्या चांग सानफंग या दाओपंथी साधूकडे दिले. चांग सानफंगची कथा आज ताई चीच्या अनेक वर्गांत ऐकू येते. तिला ऐतिहासिक आधार मात्र नाही. ह्वांग हा पडलेल्या मिंग राजवटीचा अभिमानी होता आणि 1644 पासून देशावर मांचूंची सत्ता होती. म्हणून काही अभ्यासक या लेखाकडे राजकीय रूपक म्हणूनही पाहतात: शाओलिनचा बौद्ध धर्म बाहेरून आलेला, वूदांगचा दाओ पंथ घरचा.

तिन्ही कलांची एकत्र मोट बांधली गेली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तिचे मोठे श्रेय सुन लूथांग (1860–1933) याला जाते. तो शिंग यी आणि बाग्वा यांत मुरलेला होता. सुनच्या पन्नाशीच्या सुमारास हाओ वेइचन हा ताई चीचा जाणकार बीजिंगमध्ये आजारी पडला, तेव्हा सुनने त्याची शुश्रूषा केली आणि हाओने कृतज्ञतेने आपली विद्या त्याला दिली, असे परंपरा सांगते. सुनचे शिंग यीवरचे पुस्तक 1915 मध्ये आणि बाग्वावरचे 1916 मध्ये निघाले. त्यामागून ताई चीवरचे आले. तिन्ही कलांचे तत्त्व एकच आहे आणि ते दाओपंथी आत्मसाधनेशी जुळते, हा त्याचा सिद्धान्त. 'आतल्या युद्धकला' म्हणून जे आज शिकवले जाते त्याची चौकट बरीचशी या सिद्धान्तावर उभी आहे.

तीन अंगे

ताई चीचा माग काढता येतो तो हेनान प्रांतातल्या वनश्यान तालुक्यातील चेनजियागौ या गावापर्यंत. सतराव्या शतकात मिंग राजवट कोसळत असताना चेन वांगथिंग या लष्करी माणसाने तिथे आपल्या कुळाची विद्या रचली, असे इतिहासकार थांग हाओ याने 1930 च्या दशकात त्या गावी जाऊन, कुलवृत्तान्त तपासून मांडले. चेन घराण्यातील पवित्र्यांची बरीच नावे सोळाव्या शतकातील सेनापती ची जिग्वांग याच्या ग्रंथातील 32 पवित्र्यांशी जुळतात, हेही त्याने दाखवले. म्हणजे ज्या कलेला आज शांततेचे प्रतीक मानले जाते तिची मुळे छावणीतल्या कवायतीत आहेत.

ही विद्या कुळाबाहेर नेली ती यांग लूछान (1799–1872) याने. हेबेईतल्या योंगन्यानचा हा माणूस चेन छांगशिंगकडे शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये मांचू सरदारांना शिकवू लागला. त्याचा नातू यांग छंगफू (1883–1936) याने आवर्तने संथ, मोठी आणि एकसारखी केली. पाय आपटणे, उड्या आणि झटके गळाले, आणि ही कला म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही जमण्याजोगी झाली. 1956 मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने यांग पद्धतीवरून 24 हालचालींचे छोटे आवर्तन बसवले. पाच-सहा मिनिटांत संपणारे हेच आवर्तन आज जगभर सर्वाधिक केले जाते. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

शिंग यीचा वारसा शान्शीतल्या जी जिखे या सतराव्या शतकातील भालाईतापासून सांगतात. ही कला सरळ रेषेत चालते आणि फारशी नटत नाही. तिच्या पाच मूळ मुठी पंचतत्त्वांना जोडलेल्या आहेत: चिरणारी धातूची, भिडणारी लाकडाची, वर घुसणारी पाण्याची, फुटणारी अग्नीची आणि आडवी पृथ्वीची. त्यावर बारा प्राण्यांच्या चालींचा थर चढतो.

बाग्वाचा साधक वर्तुळात चालतो. कंबर केंद्राकडे पिळलेली, तळहात केंद्रावर रोखलेले आणि पाऊल चिखलातून सरकावे तसे जमिनीलगत. दुंग हायच्वान (मृत्यू 1882) याने बीजिंगमध्ये ही विद्या शिकवली. त्याच्याकडे येणारे बहुतेक जण आधीच कुठल्यातरी विद्येत तयार होते. तो त्यांना वर्तुळ देई आणि ज्याच्या त्याच्या मूळ विद्येप्रमाणे हातांत बदल करू देई. त्याचा शिष्य छंग थिंगह्वा चष्म्यांचा कारागीर होता, म्हणून लोक त्याला 'चष्मेवाला छंग' म्हणत. 1900 मध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत परकीय सैनिकांच्या गोळीने तो मेला. गोळीपुढे कोणतीही आतली शक्ती चालत नाही, हा धडा त्या वर्षी साऱ्या चीनने घेतला. यानंतर या कलांचा रोख रणांगणाकडून हळूहळू आरोग्य आणि आत्मसंस्काराकडे वळला.

पाया: सैलपणा आणि ठेवण

आतल्या तालमीचा पहिला शब्द 'सोंग'. त्याचा अर्थ सैल होणे. अंग टाकून देणे असा मात्र नाही. खुंटीला अडकवलेला अंगरखा सैल असतो, पण त्याचा प्रत्येक भाग खुंटीला जोडलेला असतो. ताई चीत ही खुंटी म्हणजे टाळू. डोके वरून हलकेच टांगल्यासारखे, हनुवटी किंचित आत, छाती फुगवलेली नाही, खांदे खाली, कोपरे जड, कंबर मोकळी, माकडहाड सरळ खाली लोंबणारे. यांग छंगफूने सांगितलेली आणि त्याचा शिष्य छन वेइमिंग याने 1925 मध्ये छापलेली दहा सूत्रे याच ठेवणीपासून सुरू होतात.

दुसरे तत्त्व भरल्या आणि रित्या पायाचे. दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन माणूस उभा राहिला की त्याला हलायला आधी कुठेतरी झुकावे लागते. म्हणून भार सतत एका पायातून दुसऱ्यात ओतला जातो. रिता पाय उचलायला मोकळा, भरलेला पाय मुळासारखा. 'यिन' आणि 'यांग' हे शब्द इथे तत्त्वज्ञानातून उतरून तळपायात येतात.

तिसरे, सगळे शरीर एक करणे. विहिरीतून पोहरा नुसत्या दंडांनी ओढणारा लवकर दमतो. सरावलेला माणूस पाय रोवतो, कंबर मागे घेतो आणि हात केवळ दोराला धरून ठेवतो. आतल्या कलांतही जोर पायातून निघतो, कंबरेत वळतो आणि बोटांत उमटतो. शिंग यीत याला 'सहा मेळ' म्हणतात. त्यांतले तीन बाहेरचे: हात-पाय, कोपर-गुडघा, खांदा-खुबा. तीन आतले: मन आणि इरादा, इरादा आणि ची, ची आणि बळ. बाहेरचे मेळ आरशात दिसतात. आतले मेळ जमले की नाही ते जोडीदाराच्या अंगावर कळते.

इथेच 'यी' आणि 'ली' यांचा भेद येतो. ली म्हणजे कच्चे स्नायुबळ, यी म्हणजे इरादा. हात उचलताना 'उचलू' असे ठरवून स्नायू आवळले की ली वापरली. हाताची पाठ समोरच्या भिंतीकडे चालली आहे असे मनात धरून हात वर येऊ दिला की यी वापरली. दुसऱ्या पद्धतीत नको असलेले स्नायू आखडत नाहीत. अशा सैल, जोडलेल्या शरीरातून जे बळ निघते त्याला 'जिन' म्हणतात. ते संथ सरावातून घडते, आणि तयार झाल्यावर झटक्यातही बाहेर पडते.

उभे राहणे

या साऱ्याची प्रयोगशाळा म्हणजे 'जान ज्वांग': खांबासारखे उभे राहणे. वांग शियांगजाय (1885–1963) याने तर आवर्तने बाजूला सारून यालाच आपल्या 'यी च्वान' पद्धतीचा कणा केले.

पावले खांद्यांइतक्या अंतरावर, बोटे समोर. गुडघे किंचित सुटलेले, चवड्याच्या पुढे न जाणारे. हात छातीपुढे गोल, जणू एखादे बऱ्यापैकी जाड झाड कवेत घेतले आहे. कोपरे मनगटांहून खाली, बोटांमध्ये थोडी फट. जीभ टाळ्याला टेकलेली, नजर दूर पण कशावरही न रोखलेली. यापुढे काही करायचे नसते.

दोन मिनिटांत खांदे भरून येतात. नवखा साधक हात खाली घेतो. जरा सरावलेला शोधतो की हात धरून ठेवायला मानेची गरज नव्हती, तरी मान आवळली होती. ती सोडली की भार पाठीत उतरतो; पाठ सोडली की मांड्यांत. पाच-सात मिनिटांनी मांड्या थरथरू लागतात, कारण आतापर्यंत वरचे स्नायू फुकट वाहत असलेले ओझे आता पायांवर आलेले असते. गुरू अधूनमधून येऊन साधकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटांनी दाबून पाहतो. हात काठीसारखा ताठ असेल तर साऱ्या शरीरासकट मागे ढकलला जातो. ओल्या फडक्यासारखा ढिला असेल तर छातीवर पडतो. तिसरी अवस्था हवी असते: हात थोडा आत जातो आणि चेंडूसारखा परत भरून येतो, आणि दाबणाऱ्याला दाब जमिनीत उतरल्यासारखा जाणवतो. या भरीवपणाला ताई चीत 'फंग' म्हणतात आणि तो तिच्या आठ जोरांपैकी पहिला मानतात.

दोघांचे गणित

एकट्याने कमावलेले जोडीदारावर तपासायचे साधन म्हणजे 'थुई शौ', ढकलणारे हात. दोघे समोरासमोर उभे राहतात, उजवा पाय पुढे, मनगटांच्या पाठी टेकलेल्या. एक जण दुसऱ्याच्या छातीच्या दिशेने दाबतो. दुसऱ्याने अडवले तर खेळ ताकदीचा झाला आणि जो दांडगा तो जिंकला. दुसऱ्याने हात काढून घेतला तर स्पर्श तुटला आणि पुढचे काही कळेना. या दोन चुकांना नावेच आहेत: 'दिंग' म्हणजे अडणे, 'द्यू' म्हणजे निसटणे. बरोबर वाट अशी की दाब येताच भार मागच्या पायात बसवायचा आणि कंबर वळवायची. दाब छातीला न लागता बाजूने निघून जातो. दाबणाऱ्याला ज्या आधाराची अपेक्षा होती तो मिळत नाही, तो तळपायाच्या पुढच्या कडेवर येतो, आणि त्या क्षणी हलकासा स्पर्शही त्याला दोन पावले पुढे धाडतो.

यात चमत्कार काही नाही. माणसाचा गुरुत्वमध्य पावलांच्या चौकटीबाहेर गेला की तो पडणार. कसब असते ते समोरच्याचा तोल नेमका कधी आणि कुठे जाणार हे त्वचेने ओळखण्यात. चिनी परिभाषेत याला जोर 'ऐकणे' म्हणतात.

ची, दानत्यान आणि जुनी मुळे

'ची' या शब्दाने सर्वांत जास्त घोळ घातला आहे. वाफ, श्वास, हवा, जोम, वातावरण असे अनेक अर्थ एकाच शब्दात आहेत. मराठी वाचकाला 'प्राण' हा शब्द जवळचा वाटेल. तोही असाच श्वासापासून जीवनशक्तीपर्यंत पसरलेला आहे. सरावापुरता चीचा अर्थ श्वास, उष्णतेची जाणीव, भरलेपणा आणि लक्ष यांचा एकत्र अनुभव इतका धरला तरी बहुतेक सूचना लागू पडतात. 'ची दानत्यानात उतरवा' म्हणजे श्वास आणि लक्ष बेंबीखाली चार बोटांच्या आसपास स्थिर करा. त्याबरोबर छातीतला ताण सुटतो आणि शरीराचा तोल खाली येतो.

या साधनेचा सर्वांत बोलका पुरावा छांगशाजवळच्या मावांगद्वी येथे मिळाला. ख्रिस्तपूर्व 168 मध्ये बंद झालेल्या थडग्यातून 1973-74 मध्ये रेशमावर रंगवलेला तक्ता निघाला. त्यावर 44 आकृत्या आहेत: स्त्रिया आणि पुरुष, कुणी अंगरख्यात, कुणी उघडे, वाकणारे, ताणणारे, प्राण्यांची नक्कल करणारे. या प्रकाराला 'दाओयिन' म्हणत. त्याच्याही आधीच्या 'ज्वांगझ' ग्रंथात अस्वल आणि पक्ष्यासारखे अंग ताणून दीर्घायुष्य शोधणाऱ्यांचा उल्लेख काहीशा थट्टेने येतो.

ध्यानाची परंपरा याला समांतर चालली. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या सुमाराचे 'नेइये' हे लेखन आधी शरीर सरळ, मग अवयव शांत, मग मन निश्चल असा क्रम सांगते. जान ज्वांगमध्येही हाच क्रम आहे. थांग काळातील स्स-मा छंगचन (647–735) याने 'बसून विसरणे' या साधनेच्या सात पायऱ्या लिहिल्या. पुढे आतल्या किमयेचा, म्हणजे 'नेइदान'चा पंथ वाढला. 'जिंग' म्हणजे सत्त्व, त्याचे चीमध्ये, चीचे 'शन' म्हणजे चैतन्यात आणि चैतन्याचे शून्यात रूपांतर, अशी त्याची शिडी. त्यातील 'लहान आकाश-प्रदक्षिणे'त साधक आपले लक्ष माकडहाडापासून पाठीच्या कण्याने वर, डोक्यावरून आणि पुढून खाली दानत्यानापर्यंत फिरवतो.

शिंग यीचा उस्ताद ग्वो युनशन याच्या शिकवणीत या शिडीला युद्धकला येऊन मिळते. सुन लूथांगने 1924 च्या आपल्या पुस्तकात ती नोंदवली आहे. त्यात जोराच्या तीन पायऱ्या आहेत. पहिला जोर उघडा: हालचाल चौकोनी, स्पष्ट, ताकद दिसणारी. दुसरा झाकलेला: हालचाल मऊ, ताकद आत. तिसरा विरघळलेला: आकार उरतो, प्रयत्न उरत नाही. या तिन्हींना त्याने किमयेच्या तीन रूपांतरांशी जोडले. पायऱ्या गाळून थेट तिसरीवर जाता येत नाही, हे त्या मांडणीतले महत्त्वाचे वाक्य. आज संथ हालचालींनीच सुरुवात करणारे अनेक वर्ग नेमके तेच करू पाहतात.

चीगोंग: जुन्या साधनेचे नवे नाव

'चीगोंग' हा शब्द जुना असला तरी आजच्या अर्थाने तो 1949 च्या आसपास रुळला. हेबेईतला कम्युनिस्ट कार्यकर्ता ल्यू ग्वेइचन (1920–1983) पोटाच्या व्रणाने खंगला होता. गावी परतल्यावर एका नातेवाइकाकडून शिकलेल्या श्वाससाधनेने तो बरा झाला. पक्षाने ती उचलली, तिच्यातले गूढ मंत्र काढून आरोग्याची साधी वाक्ये घातली आणि 1950 च्या दशकात थांगशान व बेइदायहे येथे चीगोंगची आरोग्यधामे निघाली. सांस्कृतिक क्रांतीत हे सारे बंद पडले आणि ल्यूलाही छळ सोसावा लागला. 1970 च्या दशकात कर्करोगातून उठलेल्या ग्वो लिन या चित्रकार बाईंनी बीजिंगच्या बागांत चालत करायचे चीगोंग शिकवायला घेतले आणि साधना रुग्णालयातून मैदानात आली.

1980 च्या दशकात तिची लाट झाली. गुरू सभागृहे भरून दुरून 'ची' सोडू लागले. 1987 मध्ये ईशान्येकडच्या जंगलातला मोठा वणवा आपण विझवला, असा दावाही एका नामांकित गुरूने केला. क्षेपणास्त्रशास्त्रज्ञ च्यान श्वेसन यांच्यासारखा मोठा माणूस या संशोधनाच्या पाठीशी उभा राहिला, तर भौतिकशास्त्रज्ञ ह झ्वोश्यू यांनी त्यावर कडाडून टीका केली. 1999 मध्ये फालुन गोंग या चीगोंगमधून निघालेल्या पंथावर बंदी आली आणि लाट ओसरली. त्यानंतर सरकारने आरोग्य चीगोंग म्हणून चार संच प्रमाण केले: यिजिनजिंग, पाच प्राण्यांचा खेळ, सहा ध्वनी आणि बादुआनजिन म्हणजे आठ रेशमी तुकडे.

कसोटी

आरोग्याच्या बाबतीत पुरावा ठोस आहे, पण मर्यादित. अमेरिकेतील ओरेगनमध्ये पार्किन्सनच्या 195 रुग्णांवर 24 आठवड्यांची चाचणी झाली आणि 2012 मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. ताई ची करणाऱ्या गटाचा तोल ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षाच नव्हे, तर वजने उचलणाऱ्यांपेक्षाही जास्त सुधारला. वृद्धांच्या पडण्यावरच्या 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात ताई चीमुळे पडणाऱ्यांची संख्या सुमारे 20 टक्क्यांनी घटते असे दिसले. भरल्या-रित्या पायाच्या सरावाचे हे फळ असावे. कर्करोग बरा होतो किंवा ची दुरून सोडता येते, याला असा पुरावा नाही.

धोकेही आहेत. ध्यान आणि श्वास यांचा अतिरेक झाला की भ्रम, भास, झोप उडणे असे प्रकार होतात. चिनी परंपरा याला 'आग भडकणे, भूत शिरणे' म्हणते. 1994 च्या अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या परिशिष्टातही चीगोंगमुळे होणाऱ्या मानसिक विकाराची नोंद आहे. मानसिक आजार असलेल्याने दीर्घ बैठका वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

लढाईच्या बाबतीत 17 जानेवारी 1954 ची मकाऊतील लढत प्रसिद्ध आहे. ताई चीचा वू गोंगयी आणि श्वेत क्रौंच पद्धतीचा छन खफू समोरासमोर आले. लढत दुसऱ्या फेरीत थांबवली गेली, निकाल लागला नाही. तिने पेटवलेल्या कुतूहलावर हाँगकाँगच्या एका वृत्तपत्राने तीन दिवसांत ल्यांग यूशंगची कादंबरी क्रमशः सुरू केली आणि नव्या वूश्या, म्हणजे लढवय्या नायकांच्या, साहित्याचे युग उघडले. 2017 मध्ये छंगदू येथे श्यू श्याओदोंग या मिश्र युद्धकलेच्या लढवय्याने एका स्वयंघोषित ताई ची गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवले. त्यातून ताई ची खोटी ठरली नाही. लढण्याचा सराव न करता लढता येते हा दावा खोटा ठरला. यांग लूछानच्या पिढीने तो कधी केलाही नव्हता.

या साऱ्या इतिहासातून एक रेषा स्पष्ट दिसते. दावा जोवर शरीराच्या आत राहिला, ठेवण, तोल, श्वास, लक्ष यांपुरता, तोवर तो कसोटीला उतरला. शरीराबाहेर गेला की प्रत्येक वेळी पडला. शिकू इच्छिणाऱ्याने गुरू निवडताना हीच कसोटी लावावी: जो हाताला हात लावू देतो, दाबून पाहू देतो, त्याच्याकडे जावे, जो दुरून शक्ती दाखवतो, त्याच्यापासून दूर राहावे. आणि गुरू मिळेपर्यंत झाड कवेत घेऊन पाच मिनिटे उभे राहावे. मान केव्हा आवळते, ते त्या पाच मिनिटांत कळते.